शेजारच्यांना लागू पडलं, ह्यांना का नाही?

डॉक्टरसाहेब, सा. न. वि. वि.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. ह्यांचं वय ५८, यंदाच निवृत्त झाले, मधुमेह आहे. मानेत आणि काखेत गाठी आल्या म्हणून बायोप्सी केली, तर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) निघाला. आर-चॉप नावाच्या केमोचे चार डोस झाले. परवा पेट स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या गाठी विझल्या, पोटातली एक अजून चमकते आहे, डोविल चार. आमच्याच वाड्यातल्या एका वहिनींच्या भावाला हाच आजार, हीच इंजेक्शनं. तो आज स्कूटरवरून मंगळबाजारात हिंडतो. मोठ्या जाऊबाई म्हणतात, या घराण्याला औषध लागूच पडत नाही, मामंजीही कॅन्सरनेच गेले (त्यांना तोंडाचा होता). पुण्याचा पुतण्या म्हणतो, लाळ पाठवून जनुकांची तपासणी करा, कोणती केमो चालेल ते कळतं. ती बरीच महाग आहे. दोष ह्यांच्या रक्तातच आहे का? ती तपासणी करावी का? त्या भावाला परदेशी इंजेक्शन दिलं होतं आणि ह्यांना देशी, त्याने फरक पडला असेल का? शिवाय मुलीचं ठरत आलंय, साखरपुडा करायचाय. वरपक्षाला काय सांगू? तिसऱ्या डोसापासून ह्यांना सदऱ्याची बटणंही लावता येत नाहीत, जाऊबाई सदाफुलीच्या पानांचा रस द्या म्हणतात. बायोप्सीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे.

— एक वाचक, बडोदा

ताई,

आधी पेट स्कॅनचं बोलू. कारण ‘औषध लागू पडलं नाही’ हे धरूनच तुम्ही पुढचं सगळं विचारलंय, आणि ते अजून ठरलेलंच नाही. डोविल ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी. गाठीची चमक यकृताच्या चमकेपेक्षा जास्त असली की चार, फारच जास्त असली किंवा नवीन गाठ दिसली की पाच. डोस चालू असताना मध्येच केलेल्या स्कॅनमध्ये मरत असलेली गाठ, तिच्याभोवतीची सूज हेसुद्धा चमकतं. मध्यावर चार असलेले कितीतरी रुग्ण शेवटच्या स्कॅनला साफ निघतात. म्हणून सहसा सहा डोस पुरे करतात, शेवटच्या डोसानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पेट करतात, आणि तरीही तीच गाठ चमकत राहिली तर सुई घालून तिचा तुकडा तपासतात. नुसत्या चमकेवरून औषध बदलू नये. तुमच्या डॉक्टरांनी घाई केलेली नाही, हे चांगलंच आहे.

आता तुम्ही जोडलेला बायोप्सीचा रिपोर्ट. नोकरीभर मी असेच रिपोर्ट लिहिले, त्यामुळे एक पक्कं ठाऊक आहे: घरचे लोक पहिल्या पानावरचं आजाराचं नाव वाचतात, धसका घेतात आणि फाइल मिटतात. तुमच्या रिपोर्टातली कामाची गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. सीडी१० (पेशीवरची एक खूण) सकारात्मक. म्हणजे ‘जर्मिनल सेंटर’ गट. ‘त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर ते या ओळीवरून. त्याखाली केआय-६७ नव्वद टक्के, म्हणजे पेशी भराभर वाढताहेत. मिक ६० टक्के, बीसीएल२ ९० टक्के (ही दोन प्रथिनं, त्यांचं पुढे सांगतो). आणि अगदी तळाला, सहीच्या वर, बारीक अक्षरांत एक ओळ आहे: मिक, बीसीएल२ आणि बीसीएल६ या जनुकांसाठी फिश तपासणी (जनुकं तुटून हलली आहेत का ते दाखवणारी) सुचवली आहे. त्या तपासणीचा कागद तुम्ही पाठवलेला नाही. झाली असेल तर निकाल शोधा. झाली नसेल, तर तुम्हाला जी जनुकांची तपासणी करून हवी आहे ती हीच, आणि तिला लाळ लागत नाही.

का, ते सांगतो. बडोद्यात गायकवाड आडनावाची घरं ढिगाने आहेत, म्हणून ती सगळी राजवाड्यातली नाहीत. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हे असंच आडनाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या मोठ्या बी पेशी सारख्याच दिसतात, म्हणून आम्ही पॅथॉलॉजीवाल्यांनी वर्षानुवर्षं सगळ्यांना एकाच नावाखाली बसवलं. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या गाठींमध्ये कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद, हे एकदम हजारो जनुकांसाठी मोजलं, तेव्हा या नावाखाली निदान दोन वेगळे आजार नांदताहेत असं दिसलं. एक जर्मिनल सेंटर पेशींपासून आलेला, दुसरा त्यापुढच्या टप्प्यातल्या पेशींपासून. त्या काळच्या केमोने पहिल्या गटातले रुग्ण जास्त जगत होते. नंतर २०१८ पासून या दोन गटांचेही पोटगट पडत गेले. वहिनींचा भाऊ आणि हे, दोघांच्या फाइलीवर नाव एक आहे. गाठीच्या आतली जनुकं एक असतील असं त्यावरून मुळीच म्हणता येत नाही. आर-चॉपने दहातले साधारण सहा रुग्ण कायमचे बरे होतात. तो त्या सहांतला निघाला.

गाठीच्या जनुकांत काय बिघडलं की केमो कमी चालते? आठव्या गुणसूत्रावर मिक नावाचं जनुक असतं. गुणसूत्र तुटून ते भलत्या ठिकाणी जोडलं गेलं, की पेशीला वाढतच राहा असा हुकूम मिळत राहतो. अठराव्या गुणसूत्रावरचं बीसीएल२ तसंच हललं, तर ते पेशीला मरू देत नाही. आणि केमोचं काम काय? पेशीची इतकी नासधूस करायची की तिने स्वतःहून मरणाची वाट धरावी. बीसीएल२ ती वाटच अडवतं. ही दोन्ही एकाच गाठीत हललेली असली की त्याला डबल हिट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्याला वेगळी जागा दिलेली आहे. गंमत अशी, की हा डबल हिट बहुतेक वेळा त्या ‘बऱ्या’ जर्मिनल सेंटर गटातच सापडतो. म्हणून सीडी१० सकारात्मक वाचून निश्चिंत होऊन चालत नाही.

लगेच घाबरूनही जाऊ नका. तुमच्या रिपोर्टातले ६० आणि ९० हे टक्के प्रथिनांच्या रंगाचे आहेत, जनुकांच्या तुटण्याचे नाहीत. रंग दोन्हींचा जास्त येणं बऱ्याच जणांत दिसतं. त्याचाही थोडा परिणाम होतो, पण तो डबल हिटएवढा नसतो. खरा डबल हिट शंभरांत पाच ते दहा जणांत निघतो. रंगावरून ते कळत नाही, फिशनेच कळतं. त्याच ब्लॉकवर पी५३चा रंगही करून घ्यायला सांगा. सतराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक बिघडलेलं असेल तरी केमो हवी तशी चालत नाही.

आणि हे जाऊबाईंना जरूर सांगा: हे सगळे बदल गाठीच्या पेशींमध्ये, मोठेपणी झालेले असतात. ते मामंजींकडून आलेले नाहीत आणि मुलीकडे गेलेले नाहीत. मामंजींना तोंडाचा कॅन्सर होता. तंबाखू खात होते का ते तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा तीच असते. त्यांचा आजार वेगळा, त्याची औषधं वेगळी. दोन्ही एका माळेत ओवून घराण्याला दोष देण्यात काही तथ्य नाही.

फिशसाठी नवी बायोप्सी लागत नाही. पहिल्या बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात घालून प्रयोगशाळेत ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. एक साधा अर्ज लिहायचा: रुग्णाचं नाव, बायोप्सी क्रमांक, ‘पुढील तपासणीसाठी ब्लॉक आणि स्लाइडी मिळाव्यात’. देतात. आणायला पुतण्याच गेला तर त्याला बजावा की डब्बी उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवायची नाही, मेण आहे ते. तुमच्या डॉक्टरांना विचारून जिथे फिश होते तिथे पाठवा. अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट जवळ आहे, परळचं टाटाही एका रात्रीच्या गाडीचं. खर्च काही हजारांत जातो. आयुष्मान-मा कार्ड असेल तर गुजरातेत त्याची मर्यादा कुटुंबाला वर्षाला १० लाख आहे. त्यात ही तपासणी बसते का ते इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारा, काउंटरवरच्या कुणालाही नको.

आता पुतण्याची लाळ. लाळेत ह्यांची जन्मजात जनुकं दिसतात, गाठीची नाहीत. गाठ औषधाला का दबत नाही याचं उत्तर मुख्यतः गाठीत असतं. मग जन्मजात जनुकांचा केमोशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. रिटुक्सिमॅब घ्या, म्हणजे आर-चॉपमधला ‘आर’. ही प्रतिपिंडं बी पेशींच्या अंगावर जाऊन चिकटतात आणि आपल्याच पांढऱ्या पेशी त्यांच्या मागच्या शेपटीला पकडून शिकार करतात. ही पकड ज्या प्रथिनाने होते, त्याच्या १५८ व्या जागेवर काही माणसांत व्हॅलिन असतं, काहींत फिनिलअ‍ॅलनिन. व्हॅलिनवाल्यांची पकड घट्ट. २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की फॉलिक्युलर लिम्फोमात (लिम्फोमाचाच दुसरा प्रकार) नुसतं रिटुक्सिमॅब दिलं तर आईबापांकडून दोन्ही बाजूंनी व्हॅलिन मिळालेल्यांना ते जास्त लागू पडतं. सगळ्यांना वाटलं, आता हीच चाचणी आधी करायची. पण रिटुक्सिमॅबबरोबर बाकीची केमो दिली की हा फरक कुठे दिसतो, कुठे पुसला जातो. सायक्लोफॉस्फमाइडचंही तेच. ते शिरेत जातं तेव्हा निष्क्रिय असतं, यकृतातली विकरं त्याला जागं करतात, आणि ही विकरं माणसागणिक कमीजास्त असतात. यावर पुष्कळ लिहून झालंय, निष्कर्ष मात्र एकमेकांशी भांडतात. आज कुठलाही जबाबदार डॉक्टर अशा रिपोर्टवरून आर-चॉपचा डोस ठरवत नाही. डोस ठरतो उंची-वजनावरून, आणि कमी करायचा तो रक्तातल्या पेशी, यकृत, हृदय पाहून. तेव्हा लाळेची तपासणी करू नका. पुतण्याचा हेतू चांगला आहे, त्याला ब्लॉकच्या कामाला लावा.

जन्मजात जनुकांपैकी दोन-तीन गोष्टी मात्र खरोखर विचारण्यासारख्या आहेत, आणि त्यांना महागडं पाकीट लागत नाही. एक म्हणजे जी६पीडीची कमतरता. गाठ झपाट्याने विरघळू लागली की रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढतं, त्यासाठी कधीकधी रासब्युरिकेज नावाचं इंजेक्शन देतात. जी६पीडी कमी असणाऱ्याला ते दिलं तर तांबड्या पेशी फुटतात. साध्या रक्ततपासणीत कळतं. पुढे औषध बदलायची वेळ आलीच तर आधी करून घ्या. दुसरं, एनयूडीटी१५ हे जनुक. आपल्या आशियाई लोकांत त्याची मंद रूपं युरोपीयांपेक्षा जास्त सापडतात, आणि ज्यांच्यात ती असतात त्यांना ६-मर्कॅप्टोप्युरिनचा नेहमीचा डोस झेपत नाही, पांढऱ्या पेशी कोसळतात. पण ते औषध लिम्फोब्लास्टिक प्रकारात देतात. ह्यांना त्याचं काम नाही.

तिसरी गोष्ट त्या बटणांची. आर-चॉपमधलं व्हिन्क्रिस्टिन नसांना त्रास देतं: बोटांना मुंग्या, बधिरपणा, बटण-नाडी-नाणं पकडता न येणं, शिवाय बद्धकोष्ठता. शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा एक आनुवंशिक आजार आहे. तो असलेल्यांना व्हिन्क्रिस्टिन एकदोन डोसांतच लुळं करू शकतं, आणि पुष्कळदा तो असल्याचं घरात कुणाला माहीतही नसतं. म्हणून आठवून पाहा: ह्यांच्या घरात कुणाचे पोटऱ्यांखालचे पाय फार बारीक, तळव्याची कमान उंच, चालताना पाऊल आपटत पडणं, चपला पायातून निसटणं असं होतं का? असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. नसेल, तर मला तरी संशय मधुमेहाचा येतो. जुन्या साखरेने नसा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यात प्रत्येक डोसाला पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या जड गोळ्या, म्हणजे साखर आणखी वर. तसं असलं तरी गप्प बसू नका. तुम्ही मला लिहिलंत, पण डॉक्टरांना सांगितलंत का? पुरुष माणसं ओपीडीत ‘ठीक आहे’ म्हणून मोकळी होतात. पुढच्या वेळी सगळ्यांदेखत ह्यांना डॉक्टरांसमोर बटण लावायला सांगा. व्हिन्क्रिस्टिन कमी करायचं, गाळायचं की चालू ठेवायचं हे त्यांना तिथेच ठरवता येईल. बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल चालू असेल तर तेही दाखवा. ती औषधं व्हिन्क्रिस्टिन शरीरातून जाऊ देत नाहीत, त्रास दुप्पट होतो.

सदाफुलीचा रस अजिबात नाही. जाऊबाईंचं ऐकीव ज्ञान अगदीच निराधार नाही म्हणा. व्हिन्क्रिस्टिन आलं ते सदाफुलीच्याच झाडातून. पण इंजेक्शनात ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, आणि एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत. पानांत ते नावापुरतं असतं आणि सोबत नको ती इतर अल्कलॉइडं असतात. ज्याच्या नसा आधीच कुरकुरताहेत त्याला हे पाजणं म्हणजे आगीत तेल.

देशी-परदेशी इंजेक्शनाचा प्रश्न मला सारखा येतो. डॉ. रेड्डीज कंपनीचं देशी रिटुक्सिमॅब २००७ पासून आपल्याकडे वापरात आहे, नंतर इतरांचीही आली. मूळ औषधाशी तुलना केलेल्या अभ्यासांत अशा प्रतींचा परिणाम सारखाच आला आहे. आणि आपल्याकडे हजारो लोकांना रिटुक्सिमॅब परवडू लागलं ते या प्रतींमुळेच. ती रुखरुख मनातून काढून टाका.

समजा फिशमध्ये डबल हिट निघालाच. मग उरलेले डोस तसेच पुरे करायचे की अधिक कडक केमो द्यायची, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. चार डोस झालेले असताना त्यात एकच एक सरळ उत्तर नसतं. इथे दुसरं मत जरूर घ्या. टाटाचं मत कागदपत्रं पाठवून ऑनलाइनही मिळतं, प्रत्येक वेळी परळ गाठावं लागत नाही. आणि शेवटच्या पेटनंतरच्या बायोप्सीत आजार उरलेला दिसला, तरी पुढे वाट आहे: वेगळ्या औषधांची केमो, स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण, आणि आता कार-टी. रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढून, त्यांची जनुकं बदलून पुन्हा शरीरात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून घडवलेल्या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. खर्च लाखांत आहे, पण परदेशातल्या कोटींच्या मानाने बराच खाली. आज मात्र त्या हिशेबाला बसू नका.

राहिली मुलगी. लिम्फोमा झालेल्या माणसाच्या मुलांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा किंचित जास्त असते, पण मुळात आकडाच इतका लहान, की जास्त धरूनही तो लहानच राहतो. तिची कुठलीही जनुक तपासणी करायची नाही. वरपक्षाला सरळ सांगा: वडिलांना लिम्फोमा आहे, उपचार चालू आहेत, हा आजार बापाकडून मुलीकडे जात नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. दांडिया बाजारात गोष्ट लपत नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी. आणि हे ऐकून जे स्थळ मागे फिरेल, त्यांना मुलगी द्यावी असं मला तरी वाटत नाही. हवं तर हा अंक दाखवा.

साखरपुडा पुढे ढकलू नका, फक्त तारीख डोस पाहून धरा. डोसानंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा गर्दी नको. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पुढच्या डोसाच्या दोन-तीन दिवस आधीचा मुहूर्त काढा. गुरुजींना सांगितलं तर तेही काढून देतात. ह्यांना कुर्ता शिवायचा तर बटणांऐवजी टिचबटणं लावून घ्या. कार्यात कुणी खोकत असेल तर नमस्कार लांबून. आणि ताप १००.४ च्या वर गेला, तर पाहुणे, पंगत सगळं सोडून त्याच घटकेला इस्पितळ. घरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही.